बंद पडलेल्या डीटीपी केंद्रातल्या पीआरएन आणि पीएस फाइलींचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं डीटीपी केंद्र बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या सीडींवर एका शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेच्या आणि काही वार्षिक अहवालांच्या फाइली आहेत. काहींचं एक्स्टेन्शन पीआरएन आहे, काहींचं पीएस. वर्डमध्ये उघडल्या की नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. ऑनलाइन कन्व्हर्टरने एक फाइल नाकारली आणि दुसरीची कोरी पीडीएफ काढून दिली. संस्थेला स्मरणिका पुन्हा छापायची आहे, शिवाय त्यातले लेख युनिकोडमध्ये करून संकेतस्थळावर टाकायचे आहेत. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज बहुधा पडणार नाही. पण तुम्ही एकात दोन कामं मिसळली आहेत, ती आधी वेगळी करा. छापलेलं पान जसंच्या तसं परत मिळवणं हे एक काम, आणि त्या पानावरचा मजकूर अक्षरांच्या रूपात हाती लागणं हे दुसरं. पहिलं बऱ्याचदा अर्ध्या तासात होतं. दुसरं कधी सहज होतं, कधी अजिबात होत नाही, आणि ते तुमच्या आजच्या सॉफ्टवेअरवर नाही, तर वडिलांनी तेव्हा फाइल काढताना कोणता पर्याय निवडला होता त्यावर ठरतं.

या फाइली म्हणजे दस्तऐवज नव्हेतच. प्रिंटची आज्ञा दिली की ड्रायव्हर पानाचं भाषांतर प्रिंटरला कळेल अशा भाषेत करतो आणि ते तारेवरून पाठवतो. 'प्रिंट टू फाइल'वर टिचकी मारली की तेच भाषांतर प्रिंटरकडे न जाता डिस्कवर लिहिलं जातं. त्या काळी याला सबळ कारण होतं. पानं लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर तुमच्या वडिलांकडे, पण छपाईसाठी फिल्म काढायचं यंत्र, म्हणजे इमेजसेटर, दुसऱ्याच कुणाकडे. त्याच्याकडे तोच मराठी फॉन्ट असेल याची खात्री नाही, आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायची चावी) लागायचं ते वेगळंच. मग पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषेत फाइल काढून सीडी हातात द्यायची. फॉन्ट आत घातलेले असले की समोरच्याला फॉन्टही लागत नाहीत आणि पानंही हलत नाहीत.

म्हणून पहिला सल्ला फाइल उघडण्याचा नाही, शोधण्याचा आहे. त्याच सीडीवर, किंवा शेजारच्या सीडीवर, पीएमडी किंवा पी६५ अशी एक्स्टेन्शनं दिसतात का ते बघा. त्या पेजमेकरच्या मूळ फाइली. त्या सापडल्या तर मजकुराचं निम्मं काम झालं असं समजा. लिब्रेऑफिसमधला ड्रॉ पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडतो. मांडणी थोडी इकडेतिकडे होते, पण मजकूर मिळतो. जुनं इनडिझाइन, म्हणजे सीएस६ पर्यंतचं, कुणाकडे चालू अवस्थेत असेल तर तेही या फाइली उघडतं. आणि हो, सगळ्या सीडी आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. एखादी सीडी एका ड्राइव्हमध्ये वाचली जात नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. मी असं कितीदा तरी केलंय आणि ती वाचली गेलीय.

मूळ फाइली नाहीत असं धरून पुढे जाऊ.

पीएस हे एक्स्टेन्शन बहुधा खरं बोलतं, आत पोस्टस्क्रिप्टच असतं. पीआरएनवर मात्र काडीचा विश्वास ठेवू नका. तो फॉरमॅटच नाही. विंडोजने 'प्रिंटरकडे जाणारं काहीतरी' एवढ्याच अर्थाने चिकटवलेली ती चिठ्ठी आहे. आत कोणती भाषा आहे हे फाइलीचं तोंड बघूनच कळतं. नोटपॅड प्लस प्लससारख्या एडिटरमध्ये फाइल उघडा, पहिल्या दहा-वीस ओळी वाचा आणि सेव्ह न करता बंद करा. सेव्ह अजिबात करू नका, कारण आत चित्रांचा बायनरी डेटा असतो आणि साधा एडिटर तो बिघडवून ठेवतो.

सुरुवातीला %! ही दोन चिन्हं आणि त्यांना लागून पीएस-अडोबी अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर ते पोस्टस्क्रिप्ट. नशीब चांगलं. त्याआधी काही ओळी @पीजेएल ने सुरू होणाऱ्या असतील तरी घाबरू नका. ते एचपीच्या पद्धतीचं पाकीट आहे, आणि त्यातल्याच 'एंटर लँग्वेज' या ओळीत पुढची भाषा स्पष्ट लिहिलेली असते: पोस्टस्क्रिप्ट, किंवा एचपीच्या स्वतःच्या प्रिंटर-भाषा पीसीएल आणि पीसीएलएक्सएल. पीके ही दोन अक्षरं पहिलीच दिसली तर ती झिप फाइल आहे, म्हणजे बहुधा एक्सपीएस, मायक्रोसॉफ्टचा पीडीएफसारखा फॉरमॅट. पण ते व्हिस्टाच्या काळातलं प्रकरण, तुमच्या वडिलांच्या सीडींवर असण्याची शक्यता कमी. एस्केपच्या खुणेनंतर मोठा ई आला तर सहसा पीसीएल. सहसा अशासाठी म्हणालो, की हाच एस्केप-ई पीसीएलमध्ये 'प्रिंटर रीसेट कर' असं सांगतो आणि एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स भाषेत 'ठळक छाप' असं. त्यामुळे एकाच खुणेवर निकाल देऊ नये, पुढच्या ओळीही बघाव्यात. लिनक्स हाताशी असेल तर तिथली 'फाइल' नावाची आज्ञा हे निदान क्षणात करते.

अहवालांतल्या काही पीआरएन फाइली नोटपॅडमध्ये चक्क वाचता आल्या तर नवल वाटून घेऊ नका. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या हिशेबाच्या प्रोग्रामांतून डॉट मॅट्रिक्ससाठी निघालेले ते साधे मजकूर असतात. मधेमधे कोड १५ (बारीक अक्षरं सुरू), कोड १८ (बारीक अक्षरं बंद) आणि पान संपल्याची खूण, एवढंच जास्तीचं. त्या खुणा फाइंड-रिप्लेसने काढा, समान रुंदीचा फॉन्ट लावा, झालं.

आता मुख्य माल, पोस्टस्क्रिप्ट. अडोबीने १९८४ मध्ये आणलेली ही भाषा म्हणजे पानाचं चित्र नव्हे, तर पान कसं रेखाटायचं त्याचा प्रोग्राम आहे. तो चालवल्याशिवाय पान दिसत नाही. पीडीएफ १९९३ मध्ये याच घराण्यातून आली, म्हणून पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करणं सरळ मार्गाचं काम आहे. ते करणारं मोफत साधन म्हणजे घोस्टस्क्रिप्ट. १९८८ पासून चालत आलंय आणि आजही सांभाळलं जातंय. बाजारातले कितीतरी 'पीएस कन्व्हर्टर' आतून तेच वापरतात, तेव्हा पैसे देऊन त्याचंच वेष्टन घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तुमच्याकडे अडोबी ॲक्रोबॅट विकत घेतलेलं असेल तर त्यातला डिस्टिलर हेच काम करतो, तोही उत्तम. मॅकवाल्यांसाठी एक सूचना: प्रीव्ह्यूमध्ये पीएस फाइल टाकली की पूर्वी आपोआप पीडीएफ व्हायची. २०२२ च्या व्हेंचुरापासून ती सोय गेली, त्यामुळे तिथेही घोस्टस्क्रिप्टच.

घोस्टस्क्रिप्टसोबत 'पीएस टू पीडीएफ' नावाची तयार आज्ञा मिळते. कमांड प्रॉम्प्टमध्ये तिच्यापुढे मूळ फाइलीचं नाव आणि नव्या पीडीएफचं नाव द्यायचं, बस. छपाईसाठी पीडीएफ हवी असेल तर 'प्रीप्रेस' ही तयार सेटिंग लावा. 'स्क्रीन' सेटिंगमध्ये चित्रं इंचाला ७२ ठिपक्यांवर आणली जातात. त्यातून छापलेले फोटो स्मरणिकेत बघवणार नाहीत. आवृत्ती मात्र नवीच घ्या. पोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम असल्याने त्यातून संगणकावरच्या फाइलींना हात लावता येतो. २०१९ च्या ९.५० आवृत्तीपासून घोस्टस्क्रिप्ट हे दार आपणहून लावून घेतो. वडिलांच्या सीडीबद्दल ही भीती नाही, पण एकदा साधन बसवलं की माणूस कुठल्याही फाइली त्यात टाकतो.

@पीजेएलचं पाकीट घोस्टस्क्रिप्ट सहसा स्वतःच ओलांडतो. अडलाच तर प्रत करून, बायनरी डेटा सांभाळणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये %! च्या आधीचं सगळं काढून टाका.

पीडीएफ तयार होताना खिडकीत जे संदेश सरकत जातात ते वाचा. खरी माहिती तिथे असते. अमुक फॉन्ट सापडला नाही, त्याजागी कुरियर घेतला, अशा अर्थाची ओळ दिसली की थांबा. फाइल काढताना फॉन्ट आत घातलेला नाही, असा त्याचा अर्थ. मराठीच्या बाबतीत ही वाईट बातमी आहे. इंग्रजी मजकूर कुरियरमध्ये निदान वाचता तरी येतो, पण जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी तुकडे, त्यामुळे कुरियरमध्ये ओळच्या ओळ गिचमिड होते. तुमची ऑनलाइन कोरी पीडीएफ कदाचित याच कारणाने आली असेल, कदाचित पीसीएल फाइल पोस्टस्क्रिप्ट समजून चालवल्यामुळे. फाइल न बघता ठामपणे सांगता येणार नाही. इलाज एकच. फाइलीच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या ओळींत %% ने सुरू होणाऱ्या टिपा असतात. त्यांत लागणाऱ्या फॉन्टची नावं दिलेली असतात, कोणत्या प्रोग्राममधून आणि कोणत्या तारखेला फाइल निघाली तेही असतं. ती नावं उतरवून घ्या. वडिलांच्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर तो फॉन्ट शोधा, एका फोल्डरमध्ये ठेवा आणि घोस्टस्क्रिप्टला 'फॉन्टपाथ' म्हणून तो फोल्डर दाखवा. नेमका तोच फॉन्ट हवा. त्याच कंपनीचा, तसाच दिसणारा दुसरा चालेलच असं नाही, कारण तुकड्यांची जागा वेगळी असू शकते.

पीडीएफ उघडल्यावर आणखी दोन-तीन धक्के बसू शकतात, आणि ते बिघाड नसतात. अक्षरं आरशात बघितल्यासारखी उलटी दिसली तर ती फाइल प्लेटसाठी ट्रेसिंगवर उलटी प्रिंट काढायला तयार केलेली होती. पान डावं-उजवं पलटून (फ्लिप करून) सुलटं करा, नुसतं फिरवून भागणार नाही. पांढऱ्यावर काळ्याऐवजी काळ्यावर पांढरं दिसलं तर ती निगेटिव्ह आहे. पानं १६, १, २, १५ अशी जोडीजोडीने आली असतील तर फर्म्यात, म्हणजे मोठ्या कागदावर छापून घडी घातली की क्रम लागेल अशी, पानं लावून फाइल काढली आहे.

सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार मुखपृष्ठाचा. रंगीत मुखपृष्ठाची फाइल उघडावी आणि चार करडी पानं निघावीत. तीच आकृती, पण एकात आकाश गडद, दुसऱ्यात चेहरे गडद, तिसऱ्यात वेगळंच काही, आणि एकात जवळजवळ फक्त अक्षरं. हे सेपरेशन: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा, अशा चार प्लेटांची चार पानं. कडेला रंगाचं नाव छापलेलं असतं, ते बघून ओळख पटते. याचं पुन्हा रंगीत चित्र करता येतं. घोस्टस्क्रिप्टने चारही पानं इंचाला ३०० ठिपक्यांवर करड्या प्रतिमा म्हणून काढा, फोटोशॉपमध्ये उघडा आणि मर्ज चॅनल्समध्ये सीएमवायके निवडून ज्या त्या रंगाला ज्याची त्याची प्रतिमा द्या. चारही प्रतिमांचा आकार पिक्सेलला पिक्सेल सारखा हवा, म्हणून कुठलंही पान आधी कापू नका. छपाईची जाळी (छटांचे बारीक ठिपके) सहसा इमेजसेटरच्या रिपमध्ये, म्हणजे पानाचे ठिपके करणाऱ्या भागात, पडत असे, फाइलीत नव्हे. त्यामुळे करड्या छटा सलग मिळतात आणि निकाल चांगला येतो. मूळ जसंच्या तसं मिळालं असं म्हणणार नाही, बारीक अक्षरं प्रतिमा होऊन बसतात. मी अशा वेळी मुखपृष्ठावरचा मजकूर नव्या फॉन्टमध्ये पुन्हा बसवतो आणि फोटो तेवढे जुन्यातून घेतो.

आकार तपासायला विसरू नका. पोस्टस्क्रिप्टमध्ये मोजमाप पॉइंटात असतं, इंचाला ७२. टिपांमधल्या 'बाउंडिंग बॉक्स'मध्ये ५९५ आणि ८४२ च्या आसपास आकडे असतील तर पान ए४. ६१२ आणि ७९२ दिसले तर अमेरिकन लेटर, म्हणजे ड्रायव्हरचा कागद कुणी बदललाच नव्हता. अशी पीडीएफ ए४ वर छापताना 'फिट'ऐवजी 'ॲक्च्युअल साइज' निवडा, नाहीतर समास बदलतात. प्रेसला पीडीएफ देण्यापूर्वी ॲक्रोबॅट रीडरच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' लिहिलेलं असलं पाहिजे.

पीआरएनमध्ये पीसीएल निघालं तर घोस्टस्क्रिप्ट चालणार नाही, त्याचंच भावंड घोस्टपीसीएल वेगळं उतरवून घ्यावं लागेल. पीडीएफ करण्याची रीत तीच. आणि फाइल स्वस्तातल्या लेझर प्रिंटरसाठी निघालेली असेल तर? आपल्याकडे घरोघरी असलेला कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० हे पोस्टस्क्रिप्टही जाणत नाहीत, पीसीएलही नाही. त्यांचे ड्रायव्हर संगणकावरच पानाचे ठिपके करून स्वतःच्या खासगी भाषेत पाठवतात. १०२० च्या भाषेसाठी लिनक्सवर फू-टू-झेडजेएस नावाच्या संचात उलगडा करणारं साधन आहे, त्यातून पानांच्या प्रतिमा निघतात. २९०० च्या फाइलीसाठी सोपा उपाय म्हणजे तोच प्रिंटर मिळवून छापणं आणि ते कागद स्कॅन करणं.

थेट छापण्याबद्दल. पीआरएन फाइल कुठल्याही प्रोग्राममधून उघडून छापायची नसते, ती जशीच्या तशी प्रिंटरकडे ढकलायची असते. विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करा आणि कमांड प्रॉम्प्टवरून 'कॉपी' आज्ञेला स्लॅश-बी जोडून फाइल त्या शेअरच्या नावावर कॉपी करा. स्लॅश-बी म्हणजे बायनरी, मधल्या कुठल्या खुणेला फाइलीचा शेवट समजू नको असं सांगणं. लिनक्सवर 'एलपी' आज्ञेला रॉ हा पर्याय द्या. नेटवर्क प्रिंटर असेल तर बहुतेक वेळा ९१०० या पोर्टवर फाइल पाठवता येते. पण प्रिंटरला ती भाषा येत नसेल तर तो त्या भाषेलाच मजकूर समजतो आणि पानामागून पान, प्रत्येकावर एखाददुसरी ओळ गिचमिड, असा कागद ओकत सुटतो. पहिल्यांदा पाठवताना ट्रेमध्ये चारच कागद ठेवा. खरं तर तुमच्या कामाला या वाटेने जायची गरजच नाही. आधी पीडीएफ, मग छपाई.

आता मजकूर. पीडीएफ डोळ्यांना सुरेख दिसतेय आणि कॉपी-पेस्ट केलं की कचरा येतोय, इथे बहुतेक जण हात टेकतात. टेकायचं कारण नाही, कचऱ्याची जात बघा. 'संस्था' हा शब्द त्याच फॉन्टमध्ये दोन वेगळ्या पानांवर शोधा, दोन्ही ठिकाणांहून कॉपी करून नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा. दोन्ही वेळा तंतोतंत तीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली, तर फॉन्टचे मूळ कोड बहुधा शाबूत आहेत. मग फॉन्टचं नाव बघून त्याचा युनिकोड कन्व्हर्टर लावा. श्रीलिपी, सी-डॅकचे डीव्ही आणि डीव्हीबी फॉन्ट, कृतिदेव, प्रत्येकाचा तक्ता वेगळा आहे. श्रीलिपीच्या मजकुराला कृतिदेवचा कन्व्हर्टर लावून 'चालत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. चौकोन किंवा कोरी जागा आली, किंवा दोन्ही ठिकाणी निरनिराळं आलं, तर ड्रायव्हरने फॉन्टचे तेवढेच तुकडे घेऊन त्यांना स्वतःचे क्रमांक दिले आहेत किंवा अक्षरांची नुसती चित्रं केली आहेत. तिथे कन्व्हर्टरवर वेळ घालवू नका.

अशा वेळी ओसीआर, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर. टेसरॅक्ट मोफत आहे, त्यात मराठीचा वेगळा संच आहे. गूगल ड्राइव्हमध्ये पीडीएफ टाकून डॉक्समध्ये उघडली तरी मराठी ओळखलं जातं. तुमची पानं स्कॅन केलेली नसून फाइलीतून थेट काढलेली असतील. डाग नाहीत, तिरकेपणा नाही, त्यामुळे निकाल स्कॅनपेक्षा कितीतरी बरा येतो. ३०० ठिपक्यांवर करडी पीएनजी प्रतिमा पुरे. दोन रकान्यांचं पान असेल तर रकाने आधी वेगळे कापा. तरीही मुद्रितशोधन चुकणार नाही. दर्या आणि दऱ्या, अनुस्वार, तुटक जोडाक्षरं, १ आणि ९ यांवर खास नजर ठेवा. देणगीदारांच्या याद्या आणि ताळेबंद मी ओसीआरवर सोडत नाही, टाइप करून घेतो. आकडा चुकला तर तो शब्दासारखा डोळ्यात खुपत नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल माझं मत विचाराल तर या कामासाठी नको. त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसणारच, आणि वार्षिक अहवालात सभासदांचे पत्ते, कर्मचाऱ्यांचे पगार असलं बरंच काही असतं.

एवढं करून अडलं, तर फाइलीच्या पहिल्या वीस ओळी, शेवटच्या दहा ओळी, फाइलीचा आकार आणि घोस्टस्क्रिप्टने दाखवलेला संदेश जसाच्या तसा लिहून पाठवा. 'एरर येतोय' एवढ्यावर काही सांगता येत नाही. पहिल्या ओळींत फॉन्टचं नाव दिसत असेल तर ते आवर्जून द्या. तो फॉन्ट माझ्या ओळखीतला असला तर त्याला कोणता कन्व्हर्टर चालतो ते लगेच सांगेन.